देवीचं तिकीट

माझ्या सासूबाईंना बोट लागायची. एसटी त्याहून जास्त लागायची. एसटीत बसवलं की पनवेल यायच्या आतच त्यांची वाट लागायची, आणि पुढे घाट आहेत हे आठवून त्या खिडकीचा गज धरून डोळे मिटून घ्यायच्या. त्या मानाने बोट बरी, पण तीही वरच्या डेकवर, कठड्याला लागून, तोंडावर वारा घेत. खालच्या डेकवर इंजिनाची धग, तेलाचा वास आणि आजूबाजूला ओकणारी माणसं. एकदा वर जागा मिळाली नाही म्हणून त्यांनी खालून प्रवास केला होता. उतरल्यावर, किनाऱ्याला नेणाऱ्या पडावातच त्यांनी शपथ घेतली की यापुढे वरची जागा मिळाली तर बोट, नाहीतर गाव मला मेलं.

त्या शपथेला बरीच वर्षं झाली होती आणि सासूबाई घाटकोपर सोडून कुठे गेल्या नव्हत्या. गिरणी सुटल्यावर मामंजी गावी जाऊन राहिले, तरीही या गेल्या नाहीत. मामंजीच पावसाळ्यात इकडे येऊन राहायचे.

यात फायदा झाला तो मुलुंडच्या काकींचा. काकी म्हणजे सासूबाईंची चुलत जाऊ. शिमग्याला आमच्या गावी देवीची पालखी घरोघरी फिरते. आमच्या भावकीत ती आधी आमच्या, म्हणजे थोरल्या घरात बसते, आणि थोरल्या बाईने तिची ओटी भरायची असते. थोरली बाई हजर नसेल तर तिच्या पाठची. सासूबाई जात नसत, तेव्हा काकी आमच्या अंगणात येऊन, आमच्या पाटावर बसून, आमच्या देवीची ओटी भरून जायच्या. वर मुंबईला परत आल्यावर, आपण ओटी भरल्यावर देवी प्रसन्न होऊन पालखी यंदा किती जड झाली होती हे सगळ्यांना सांगत फिरायच्या.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. काकींच्या मुलीच्या लग्नात सासूबाईंना दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. काकी म्हणायच्या, ही उशिरा आली. सासूबाई म्हणायच्या, मी उशिरा आले नाही, पंगत लवकर बसवली. हे भांडण माझ्या लग्नाच्या आधीचं. मी घरात आले तेव्हा ते चांगलं मुरलेलं होतं.

गिरण्यांच्या संपाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाने त्या वर्षी देवीला चांदीचं नवं रुपं केलं. रुपं म्हणजे पालखीत बसवायचा मुखवटा. तो तयार होऊन आला आणि शिमग्याला गावी न्यायचा म्हणून आमच्याच खोलीत ठेवला, कारण थोरले दीर मंडळाचे सेक्रेटरी होते. देवी घरात म्हटल्यावर आठ दिवस मासळी बंद. सासूबाई रोज तिच्यासमोर दिवा लावायच्या आणि तिच्याकडे बघत बसायच्या. एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की नव्या रुपाची पहिली ओटी त्या भरणार. मुलुंडवालीच्या हातून ती भरली गेली तर त्या परत देवीला तोंड दाखवणार नाहीत.

दीर म्हणाले, म्हणजे बोटीने येणार?

"वरची जागा गावली तर," सासूबाई म्हणाल्या.

शिमग्याच्या दिवसांत भाऊच्या धक्क्यावर वरची जागा मिळवणं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. गेट उघडलं की माणसं चटया घेऊन धावत सुटायची. बोटीवर चढायची फळी ओलांडायच्या आधीच लांबून चटई फेकायची, ती जिथे पडेल ती जागा आपली. सासूबाई धावणार नव्हत्या, आणि त्यांच्यासाठी धावावं तर मला चारचौघांत चटई फेकायची लाज वाटायची.

पण बोटवाल्यांनी तेव्हा एक सोय काढली होती. पंचवीस माणसांचा गट असेल तर त्याला दोरी लावलेल्या वेगळ्या रांगेने, गर्दीच्या आधी आत सोडायचे. गटाचा एक म्होरक्या, सगळ्यांची तिकिटं त्याच्या हातात, गेटावर डोकी मोजायची आणि चला. वऱ्हाडं आणि भजनी मंडळी असंच जायची. दिरांनी ठरवलं की मंडळाचा गट करायचा. ते अंधेरीला कारखान्यात कामाला होते. तिथून सुटले की रोज गावच्या एकेकाच्या घरी जाऊन माणसं गोळा करायचे. कोणाला रजा मिळाली, कोणाची बायको म्हणाली पोरांची परीक्षा आहे, कोणी आज हो म्हणून उद्या नाही म्हणाला. शेवटी चोवीस झाली आणि पंचविसावं काही मिळेना.

आमच्या खोलीत बैठक बसली होती. मी चहा देत होते. कोणीतरी हळूच म्हणालं की मुलुंडच्या काकी याच बोटीने जातायत. काका आधीच एसटीने गेलेत, त्या एकट्याच आहेत.

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. नुसती ठेवली, पण त्या माणसाने घाईघाईने विषय पोरांच्या परीक्षेकडे वळवला.

मग दीर रुपाकडे बघून म्हणाले, "पंचवीस आसत की. देवी आसा ना."

आणि सगळ्यांना ते पटलं. आता हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा त्या खोलीत एकालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या मंडळाचं जेवण असलं की पहिलं पान देवीचं. मंडळाचा फोटो काढला तेव्हा मधली खुर्ची रिकामी ठेवली होती, ती देवीची. वर्गणीतसुद्धा तिच्या नावाचा एक वाटा असायचा आणि तो कोणीतरी भरायचा. मग गटात ती नको? फुकट नेली असं व्हायला नको म्हणून दिरांनी तिचं पूर्ण तिकीट काढलं. अर्धं काढायचं का असं एकाने विचारलं, तर त्याला सगळ्यांनी गप्प केलं. देवी काय लहान पोर आहे?

निघायच्या दिवशी सकाळी चाळीखाली टेम्पो आला. वळकट्या, डबे, गावच्या घरासाठी घेतलेला नवा पत्रा, असं सगळं आत, आणि सामानावर आम्ही, माझ्या पोरासकट. देवीला जमिनीवर ठेवायचं नसतं. लाल कापडात गुंडाळलेलं रुपं टोपलीत, आणि टोपली दिरांच्या डोक्यावर. टेम्पोत ते उभे राहिले की टोपली ताडपत्रीच्या लोखंडी कमानीला लागायची, म्हणून घाटकोपरपासून धक्क्यापर्यंत ते अर्धे वाकून उभे होते. सासूबाईंनी मुठीत लिंबू धरलं होतं. बोट लांबच होती, पण त्यांनी टेम्पोतच वास घ्यायला सुरुवात केली.

धक्क्यावर दोन दोऱ्या होत्या. एकीकडे साधी रांग, तिचं शेपूट कुठे होतं ते दिसत नव्हतं. दुसरीकडे गटांची. आमच्या मागे एक वऱ्हाड उभं होतं, नवरदेवाच्या मुंडावळ्या आदल्या दिवसापासून तशाच, आणि त्यांच्याकडे निदान तीस माणसं. साध्या रांगेत, दोरीपासून हातभर अंतरावर, मुलुंडच्या काकी आपल्या वळकटीवर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, देवीला हात जोडले आणि सासूबाईंकडे पाठ केली. सासूबाईंनी त्याआधीच केली होती.

गेटावरचा बाबू आला. त्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायला सुरुवात केली, आणि शेवटी दिरांपाशी येऊन थांबला. म्हणाला, चोवीसच भरतात. दीर म्हणाले, पंचवीस आहेत, तिकिटं बघा. पण तिकिटं त्यांच्या शर्टाच्या खिशात, आणि दोन्ही हात टोपलीला. सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी मुलाच्या खिशातून तिकिटं काढून दिली. बाबूने ती मोजली. पंचवीस होती. त्याने परत माणसं मोजली. चोवीस.

"पंचविसावं माणूस कुठाय?"

"डोक्यावर," दीर म्हणाले.

बाबूने वर बघितलं. दिरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं. नवं रुपं, गाव, मंडळ, आणि पूर्ण तिकीट, अर्धंसुद्धा नाही. बाबू भला माणूस होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, देवीला नमस्कार केला, टोपी परत घातली आणि म्हणाला, "नमस्कार केला, पण मोजता नाही येणार. माणूस पाहिजे. दोन पायांचं."

दीर म्हणाले, मग तिकीट कशाला दिलंत? बाबू म्हणाला, तुम्ही मागितलंत. खिडकीवरचा माणूस काय विचारतो, कोण येणार, देव की माणूस? दीर म्हणाले, पैसे घेताना देवी चालते आणि आत सोडताना नाही, हा कुठला न्याय? मागून वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, देवीला बोट लागते काय, मग तिला वरची जागा कशाला. त्यावर आमची माणसं त्याच्याकडे वळली. थोडा वेळ चांगलाच गलका झाला.

बाबूने शेवटी तोड काढली. अजून एक माणूस आणा, म्हणाला, पण तुमच्या गावचं, ओळखीचं. रांगेतलं कोणीही उचलून आणाल तर चालणार नाही, दलाल लोक तोच धंदा करतात. आणि लवकर आणा, नाहीतर मी वऱ्हाडाला सोडतो.

आमच्या गावचं, ओळखीचं, दोन पायांचं माणूस हातभर अंतरावर बसलं होतं. सगळ्यांना ते दिसत होतं आणि कोणी तिकडे बघत नव्हतं. दीर आईकडे बघत होते. सासूबाईंनी लिंबू पदराला बांधलं आणि मला म्हणाल्या, "चल गो. माझी पिशवी घे. मी घराक जातंय."

त्या खरंच निघाल्या असत्या. मी त्यांना ओळखत होते. आणि एकदा घाटकोपरला परत गेल्या असत्या तर मग कधीच निघाल्या नसत्या.

मी त्यांची पिशवी उचलायला वाकले. काकी तेवढ्यात गंमत नीट दिसावी म्हणून उठून उभ्या राहिल्या होत्या. मला जवळ आलेली बघून त्या म्हणाल्या, "काय गो, तुझी सासू घराक चालली? जाऊ दे. देवीची ओटी भरूक मी आसय." मी काही बोलले नाही. माझ्याकडून बोलणं होत नसे, विशेषतः मोठ्या माणसांशी. काकींना ते माहीत होतं. त्या हसून म्हणाल्या, "जीभ घाटकोपराक ठेवून इलंस काय?"

मी सासूबाईंची पिशवी ठेवली आणि काकींची वळकटी उचलली.

चांगली जड होती. मी ती दोरीवरून आमच्या बाजूला घेतली, डोक्यावर ठेवली आणि सरळ गेटाकडे चालायला लागले. मागे काकींचा आवाज येत होता, अगो माझी वळकटी, अगो खंय नेतंस, अगो थांब मुके. त्यापाठोपाठ त्या स्वतः, एका हातात डबा, एका हातात छत्री, दोरीखालून वाकून आत. वाकताना त्यांचा पदर दोरीला अडकला, तो बाबूनेच सोडवला.

"ह्या तुमच्या गावच्या?" त्याने विचारलं.

आमच्या तेवीस माणसांनी एकदम हो म्हटलं. सासूबाई गप्प राहिल्या, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

"पंचवीस," बाबू म्हणाला आणि त्याने साखळी काढली.

त्यानंतर वाद घालायला वेळच नव्हता. मागून वऱ्हाड रेटत होतं. काकी वळकटीच्या मागे, सासूबाई गर्दीच्या पुढे, दीर देवीला सांभाळत, असे आम्ही फळीवरून वर आलो आणि कठड्याला लागून उत्तम जागा बघून मी चटई अंथरली. फेकायची वेळ आली नाही. सासूबाई कठड्याला टेकून बसल्या. दीर अर्धे वाकून वाकून थकले होते, त्यांनी टोपली आईच्या मांडीवर दिली. काकी वळकटी मागायला आल्या होत्या, पण मागे बघतात तर डेक भरलेलं. त्या चटईच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. काकींना वाटलं, मला सासूबाईंनी पाठवलं होतं. सासूबाईंना वाटलं, काकी वळकटीचं निमित्त करून घुसल्या. मला कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगण्यातली नव्हे.

बोट सुटली. दोघी बोलत होत्या, पण माझ्यामार्फत.

"तिका सांग, पाय आवर."

"तिका सांग, चटई कोणाच्या बापाची नाय."

मी मधे बसून काहीच सांगत नव्हते, तरी निरोप पोचत होते. दुपारी देवी मांडीवर धरून सासूबाईंच्या पायाला मुंग्या आल्या. त्यांनी टोपली मला दिली, मला पोराला जेवू घालायचं होतं म्हणून मी ती काकींना दिली. सासूबाईंनी ते बघितलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

काकींच्या मांडीवर देवी असतानाच तिकीट तपासणारा आला. दिरांनी गटाची पंचवीस तिकिटं दिली. काकींनीही पदराच्या गाठीतून आपलं काढलं. त्याने दोनदा मोजलं आणि म्हणाला, एक जास्त होतंय. दिरांनी परत सगळी हकीकत सुरू केली, पण काकी हुशार. त्यांनी ती मधेच तोडली. "त्यात काय? मी गेटातून देवीच्या तिकिटार इलंय. आता देवी माझ्या तिकिटार जाताली."

तपासणाऱ्याला काय, सगळी तिकिटं टोचायची होती. त्याने टोचली आणि पुढे गेला. पण काकींच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं ते मी पाहिलं. त्या टोचलेल्या तिकिटाकडे बघत राहिल्या, मग मोठ्याने, सगळ्या डेकला ऐकू जाईल असं मला म्हणाल्या, "देवीक गावाक आणली कोणी? माझ्या तिकिटान. मग पयली ओटी कोणी भरूची, तां सांग तुझ्या सासूक."

सासूबाईंना मुंबई सोडल्यापासून एकदाही मळमळलं नव्हतं. त्या वाक्याला मात्र त्यांनी पदराची गाठ सोडून लिंबू काढलं.

गावात ही गोष्ट आमच्या आधी पोचली. पहाटे पडावातून उतरलो तेव्हा काकी सगळ्यांत पुढे. बंदरावर भेटेल त्याला त्या तिकीट दाखवत होत्या. पालखी येईपर्यंत वाडीत दोन तट पडले होते. एक म्हणायचे थोरलं घर ते थोरलं घर. दुसरे म्हणायचे, देवी ज्याच्या तिकिटावर आली त्याला काहीतरी मान नको? मामंजींनी चार वेळा अंगण सारवलं होतं. ते बायकोला बघूनच इतके खूश होते की ओटी कोण भरतं याची त्यांना पर्वा नव्हती. त्यांनी तसं बोलून दाखवलं आणि सासूबाईंनी त्यांना विहिरीवर पाणी आणायला पाठवलं.

ढोल वाजत पालखी आमच्या अंगणात आली. नवं रुपं उन्हात असं चमकत होतं की बघवत नव्हतं. पाट मांडलेला. सासूबाई ताट घेऊन उभ्या. समोरून काकीही ताट घेऊन आलेल्या, जरीच्या लुगड्यात. खांदेकऱ्यांनी पालखी ठेवली आणि सगळी वाडी त्या दोन ताटांकडे बघायला लागली.

मला वाटलं, आता सासूबाई मागे वळून मला म्हणतील, तिका सांग. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सरळ काकींकडे बघून बोलल्या.

"तू देवीच्या तिकिटार इलंस ना?"

"इलंय," काकी म्हणाल्या. "सगळ्यांका म्हायत आसा."

"आणि देवी तुझ्या?"

"व्हय."

"म्हणजे बोटीवाल्यांच्या हिशेबान तूच देवी. मग देवीची ओटी देवीच भरता काय? ठेव तां ताट. बस पाटार."

काकींनी ताट खाली ठेवलं. सगळ्या गावाला चार दिवस जे सांगितलं होतं ते आता नाही कसं म्हणणार? बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, त्यांच्या बाजूच्यासुद्धा. सासूबाईंनी देवीला कुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ घालून पहिली ओटी भरली. मग वळल्या आणि पाटाकडे बोट दाखवलं. काकी बसल्या. सासूबाईंनी त्यांनाही तसंच कुंकू लावलं, तसाच खण दिला, आणि तांदूळ घालताना हात अजिबात आखडला नाही. मी जवळ होते म्हणून मला दिसलं, नारळ त्यांनी दोन्हींतला मोठा काकींना दिला होता.

काकी खाली बघत होत्या. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

तेवढ्यात ढोल वाजला आणि खांदेकऱ्यांनी पालखी उचलली. आमच्यानंतर तिला काकींच्या घरी जायचं होतं, आणि घरची बाई तर इथे पाटावर बसलेली. काकी एकदम उठल्या, भरलेली ओटी पोटाशी धरली आणि पालखीच्या आधी दार गाठायला मळ्याच्या बांधावरून पळत सुटल्या. तांदूळ सांडत होते.

सासूबाई अंगणाच्या कडेला जाऊन ओरडल्या, "सावकाश गो देवी. पडशील."

"तू गप ऱ्हव," काकी पळता पळता म्हणाल्या. "आणि जेवूक ये रात्री. पयल्या पंगतीक."